तापलं खरं, पण किती?

कोकणातल्या पिंगुळीच्या गुढीपुरात चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ पाहताना माझं लक्ष कथेपेक्षा पडद्यावरच्या कडांकडे जास्त असतं. बाहुली कापडाला टेकलेली असली की रावणाच्या मुकुटाची कड सुरीने कापल्यासारखी दिसते. खेळवणाऱ्याने ती वीतभर मागे, दिव्याकडे नेली की तोच रावण मोठा होतो आणि त्याची कड विरघळते. ज्योत जितकी बारीक, तितकी ही कड कमी विरघळते. बाहुली ज्योतीच्या फारच जवळ गेली तर मात्र सावली राहते बाजूला आणि चामडंच आकसायला लागतं. ज्या दिव्याने दिसतं त्याच दिव्याने जळतं.

पदार्थविज्ञानाच्या एका शाखेत गेली पंचवीस वर्षं हेच चाललं आहे, फक्त ज्योतीच्या जागी प्रोटॉन आहेत. लेसरच्या एका ठोक्याने प्रोटॉनांचा झोत उडवायचा, त्याने धातूचा पापुद्रा तापवायचा आणि जमलं तर तशाच दुसऱ्या झोताने त्या पापुद्र्याची सावली पाडायची. तापल्यावर जे मिळतं त्याला ‘वॉर्म डेन्स मॅटर’ म्हणतात. मराठीत त्याला रुळलेला शब्द नाही, म्हणून मी ‘कोमट दाट द्रव्य’ म्हणतो. पिंगुळीतल्या एका परिचिताला हे सांगत होतो. लाखभर अंशाचा आकडा ऐकून त्याने विचारलं, “ह्येका कोमट म्हणतत?” त्याचं खरं आहे. पण सूर्याच्या पोटात दीड कोटी केल्विन असतात आणि अणुसंमीलनासाठी पेटवलेल्या इंधनात त्याच्याही कितीतरी पट. त्या पंगतीत लाखभर अंश म्हणजे कोमटच.

आकड्यांत सांगायचं तर तापमान साधारण १ ते १०० इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे सुमारे ११,६०० ते ११.६ लाख केल्विन. घनता मात्र रोजच्या घन पदार्थासारखी, फार तर त्याच्या दहाव्या हिश्शापासून दहापटीपर्यंत. इतकं तापलेलं द्रव्य एरवी वायू होऊन पसरलेलं असतं आणि इतकं दाट द्रव्य एरवी थंड असतं. दोन्ही एकत्र कुठे सापडतं? गुरूच्या पोटात, जिथे तापमान वीसेक हजार केल्विनच्या घरात आणि दाब कोट्यवधी वातावरणांचा आहे. पृथ्वीचा गाभा या प्रदेशाच्या उंबरठ्याशी आहे: ३६ लाख वातावरणांचा दाब आणि पाच-सहा हजार केल्विन. श्वेतबटू ताऱ्यांच्या बाहेरच्या थरांत ते आहे. आणि संमीलनाच्या प्रयोगातली इंधनाची गोळी दाबली जात असताना काही नॅनोसेकंद याच अवस्थेतून जाते. ती तिथे कशी वागली यावर ती पुढे पेटणार की नाही हे बरंचसं ठरतं.

आमच्याकडे सकाळी पेज असते. भात म्हणावा तर पातळ, पाणी म्हणावं तर दाट. पेजेची चव कळायला भाताचं शास्त्र आणि पाण्याचं शास्त्र वेगवेगळं शिकून भागत नाही, आणि कोमट दाट द्रव्याची अडचण तीच आहे. घन पदार्थाच्या पुस्तकात अणू आपल्या जागी बसलेले असतात आणि इलेक्ट्रॉन क्वांटम नियमांच्या शिस्तीत भरलेले असतात. ॲल्युमिनियममध्ये ही शिस्त मोडायला सुमारे ११.७ इलेक्ट्रॉन व्होल्टची ऊर्जा लागते. तापमान त्याच्या खूप खाली असेल तर उष्णता ही किरकोळ दुरुस्ती मानता येते. प्लाझ्माच्या पुस्तकात उलट: कण मोकाट धावतात आणि एकमेकांवरची ओढ ही किरकोळ दुरुस्ती असते. मेघनाद साहांनी १९२० मध्ये मांडलेलं आयनीभवनाचं समीकरण या विरळ बाजूचं. दाट बाजूला अणू एकमेकांच्या अंगावर चढतात आणि केवळ दाबानेच इलेक्ट्रॉन सुटे होतात. त्यावर दौलतसिंग कोठारींनी १९३० च्या दशकात काम केलं. या दोन बाजूंच्या मधल्या पट्ट्यात धावण्याची ऊर्जा, ओढीची ऊर्जा आणि क्वांटम शिस्तीची ऊर्जा तिन्ही साधारण सारख्याच असतात. लहान म्हणून सोडून द्यावं असं काही सापडत नाही. भौतिकीतलं बहुतेक गणित लहान गोष्टी सोडून देऊन सुटतं, त्यामुळे इथे ते अडतं.

मुंबईत या प्रश्नाशी झुंजणारी माणसं लेसरच्या झोतांआधीपासून होती. पदार्थावर इतका दाब आणि इतकं तापमान असेल तर त्याची घनता किती, हे सांगणाऱ्या सूत्राला अवस्थासमीकरण म्हणतात. प्लुटोनियमचं अवस्थासमीकरण अण्वस्त्रधारी देशांनी कडीकुलपात ठेवलेलं. ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रात राजगोपाल चिदंबरम यांनी १९६० च्या दशकात ते स्वतः काढायला घेतलं. त्याचा उपयोग १९७४ च्या पोखरण चाचणीत झाला, हे आता उघड इतिहासात आहे. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो १९८३ चा एक लांबलचक आढावा. बी. के. गोडवाल, एस. के. सिक्का आणि चिदंबरम या ट्रॉम्बेच्या तिघांनी ‘फिजिक्स रिपोर्ट्स’ या नियतकालिकात सुमारे १० टेरापास्कलपर्यंतच्या, म्हणजे १० कोटी वातावरणांच्या दाबापर्यंतच्या, अवस्थासमीकरणांच्या सिद्धांतांचा धांडोळा घेतला. या क्षेत्राचा नकाशा ज्यांना हवा होता त्यांना तो ट्रॉम्बेच्या टेबलावर मिळत होता, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कुणी सांगत नाही.

नकाशा होता, पण त्यात मधला भाग बव्हंशी रेघ ओढून भरलेला. कमी दाबाच्या टोकाला प्रयोग, फार मोठ्या दाबाच्या टोकाला भरवशाचा सिद्धांत, आणि मध्ये दोन टोकं जोडणारी वळणदार रेघ. ती रेघ खरी की खोटी हे पाहायला तिथली वस्तू हातात हवी.

हातात घेण्याचे मार्ग थोडे आहेत. जुना मार्ग म्हणजे हातोडा: स्फोटकं, वेगवान गोळी किंवा मोठा लेसर वापरून पदार्थातून धक्कालहर पाठवायची. त्यातून नेमके आकडे मिळतात, पण एका सुरुवातीपासून निघालेली लहर नकाशावरची एकच वाट चालते. तापमान वाढवायचं तर दाबही तिच्या हिशेबाने वाढतो. सरळ लेसर मारून तापवावं म्हटलं तर तो धातूत दहा-वीस नॅनोमीटरच शिरतो. साल तापते, गर थंड. क्ष-किरण लेसर हा फार सुंदर मार्ग आहे, पण तशी यंत्रं जगात बोटांवर मोजण्याइतकी. जर्मनीत डार्मश्टाटला उभ्या राहणाऱ्या फेअर या केंद्रात, ज्यात भारतही भागीदार आहे, जड आयनांचा झोत हे काम मोठ्या नमुन्यावर करणार आहे.

प्रोटॉनचा गुण त्याच्या थांबण्याच्या पद्धतीत आहे. तो धातूत शिरला की हळूहळू ऊर्जा टाकत जातो आणि थांबण्याच्या जरा आधी सगळ्यात जास्त टाकतो. विल्यम ब्रॅग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ॲडलेडमध्ये अल्फा कणांबाबत हे दाखवलं होतं. कर्करोगावरचे प्रोटॉन उपचार याच गुणावर चालतात. १ मेगाइलेक्ट्रॉन व्होल्टचा प्रोटॉन ॲल्युमिनियममध्ये सुमारे १४ मायक्रोमीटर जातो, १० मेगाचा अर्ध्या मिलिमीटरहून जास्त. म्हणजे १० मायक्रोमीटरचा पापुद्रा सालीपासून गरापर्यंत एकदम तापवता येतो. आणि हे इतक्या लवकर उरकायचं की पापुद्र्याला फुगायला वेळच मिळू नये. तापलेला धातू सेकंदाला दहाएक किलोमीटरच्या वेगाने पसरतो. ऐकायला भयंकर, पण त्याचा हिशेब नॅनोसेकंदाला १० मायक्रोमीटर असा होतो. वीस-तीस पिकोसेकंदांत काम झालं तर पापुद्रा मूळ जाडीतच राहिलेला असतो आणि घनता न मोजताही माहीत असते. या क्षेत्रातली सगळी हाव या एका वाक्यात आहे.

असा आखूड आणि दाट झोत नेहमीच्या त्वरकातून मिळत नाही. तो मिळाला लेसरमुळे. डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी १९८५ मध्ये लेसरचा ठोका आधी लांबवायचा, मग बळकट करायचा आणि शेवटी पुन्हा आवळायचा ही युक्ती दाखवली. त्यांचं २०१८ चं नोबेल त्यासाठीच. हा आवळलेला ठोका केसाहून बारीक ठिपक्यावर आणला की चौरस सेंटिमीटरला १० चा १८ वा घात इतके वॉट आणि त्याच्याही वर जाता येतं. असा ठोका पातळ पापुद्र्यावर पडला की पुढच्या बाजूचे इलेक्ट्रॉन जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पापुद्रा भेदून मागून बाहेर पडतात. मागे राहिलेला धन भार त्यांना ओढून धरतो. त्यामुळे पापुद्र्याच्या पाठीवर मीटरला लाख कोटी व्होल्ट अशा मापाचं विद्युत क्षेत्र तयार होतं आणि ते समोर येईल त्याला उपटून फेकतं.

समोर येतं कोण, ही मला या साऱ्यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट. पापुद्रा सोन्याचा असो वा ॲल्युमिनियमचा, बाहेर पडतात ते प्रोटॉन. कारण निर्वात पात्रात कितीही काळजी घेतली तरी पापुद्र्याच्या पाठीवर ओलाव्याची आणि तेलकटपणाची काही नॅनोमीटरची पुटं बसलेलीच असतात. त्यातला हायड्रोजन सगळ्यात हलका, म्हणून शर्यत तोच मारतो. अब्जावधी रुपयांच्या लेसरचं हे फळ मळातून निघतं. काही गट पाठ तापवून हा मळ मुद्दाम काढतात आणि मग कार्बनचे किंवा जड आयनांचे झोत मिळवतात. ज्यांना प्रोटॉन हवेत ते मळाला हात लावत नाहीत.

२००० साली तीन ठिकाणांहून ही बातमी जवळपास एकाच वेळी आली: कॅलिफोर्नियातलं लिव्हरमोर, इंग्लंडमधली रदरफर्ड प्रयोगशाळा आणि मिशिगन विद्यापीठ. लिव्हरमोरच्या पेटावॉट लेसरवर ५८ मेगाइलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंतचे प्रोटॉन मोजले गेले. प्रोटॉन पुढच्या बाजूने निघतात की पाठीवरून, यावर काही वर्षं जोरात वाद झाला. तसल्या पापुद्र्यांपुरता पाठीचा पक्ष सरस ठरला. पण कोमट दाट द्रव्याच्या कहाणीतलं खरं वळण २००३ मधलं. लिव्हरमोरच्याच एका लहान लेसरवर, सुमारे १० ज्यूल ऊर्जा आणि १०० फेम्टोसेकंदांचा ठोका वापरून, प्रवेश पटेल आणि सहकाऱ्यांनी १० मायक्रोमीटरचा ॲल्युमिनियमचा पापुद्रा प्रोटॉनांनी तापवला. सपाट पापुद्र्यातून निघालेल्या झोताने तापमान ४ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास गेलं. मग त्यांनी प्रोटॉन सोडणारा पापुद्रा वाटीसारखा अर्धगोल घेतला. प्रोटॉन पृष्ठभागाला काटकोनात निघतात, त्यामुळे वाटीतून निघालेले एका ठिपक्याकडे वळले आणि तापमान २३ इलेक्ट्रॉन व्होल्ट झालं, म्हणजे सुमारे पावणेतीन लाख केल्विन.

यात ऊर्जा किती लागते याचा हिशेब मी एकदा कागदावर मांडून पाहिला. पन्नासेक मायक्रोमीटर रुंदीच्या ठिपक्याखाली, १० मायक्रोमीटर जाडीत, ॲल्युमिनियम असतं जेमतेम ५० नॅनोग्रॅम. ते वीसेक इलेक्ट्रॉन व्होल्टपर्यंत न्यायला ज्यूलचे दोन-चार शतांश पुरतात. सुपारी मीटरभर उचलायला साधारण तेवढीच लागते. तेवढी ऊर्जा तेवढ्याशा जागेत आणि फुगायला उसंत न देता टाकायची, हीच सगळी करामत.

पुढच्या वीस वर्षांतलं काम वाचताना दोन प्रकार वेगळे करावे लागतात. एका प्रकारात ‘आम्हीही तापवलं’ एवढंच असतं, आणि तसे लेख भरपूर आहेत. दुसरा प्रकार म्हणजे तापवून काहीतरी मोजलं. हा थोडा आहे, पण मोलाचा. २००८ मध्ये डायर आणि सहकाऱ्यांनी प्रोटॉनांनी तापलेल्या ॲल्युमिनियमचं प्रसरण पाहून अवस्थासमीकरण तपासण्याचा प्रयत्न केला. २०१० मध्ये पेल्का आणि सहकाऱ्यांनी कार्बन वितळताना क्ष-किरण विखरून त्याची रचना मोडताना पाहिली. २०१५ मध्ये लॉस ॲलामॉसला बँग आणि सहकाऱ्यांनी प्रोटॉनऐवजी ॲल्युमिनियमच्या आयनांचा झोत घेऊन सोनं आणि हिरा शेजारी शेजारी तापवले, सोनं ५.५ इलेक्ट्रॉन व्होल्ट, हिरा १.७. २०१७ मध्ये मॅकेल्व्ही आणि सहकाऱ्यांनी प्रोटॉनांनी तापलेल्या ॲल्युमिनियमची उष्णतावाहकता काढली.

या सगळ्यांत मला सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो व्हाइट आणि सहकाऱ्यांच्या २०१२ च्या ग्रॅफाइटवरच्या लेखाने. प्रोटॉन आपली ऊर्जा आधी इलेक्ट्रॉनांना देतो. इलेक्ट्रॉन ती मग अणूंच्या जाळ्याला देतात. हे हस्तांतर झटकन होतं असं धरून चालायची पद्धत होती. त्यांनी ग्रॅफाइट प्रोटॉनांऐवजी लेसरने उडवलेल्या इलेक्ट्रॉनांनी तापवलं, आणि क्ष-किरण विवर्तनातून त्यांना दिसलं की त्यात हे हस्तांतर आधी सांगितलं जात होतं त्याच्या तिप्पट वेळ घेतं. म्हणजे काही काळ एकाच तुकड्यात दोन तापमानं नांदत असतात. अशा तुकड्याचं तापमान अमुक, असं एका आकड्यात कुणी सांगितलं तर त्याला विचारायला हवं: कुणाचं? इलेक्ट्रॉनांचं की अणूंचं?

इथून पुढे माझी तक्रार सुरू होते. तापवण्याची कला आली, पण तापलं किती हे सांगणारा तापमापक अजून कच्चा आहे.

नेहमीची पद्धत अशी. पापुद्र्याची पाठ चमकते. तिचा प्रकाश अतिवेगवान स्ट्रीक कॅमेऱ्याने टिपायचा आणि रंग व तेज यांवरून तापमान काढायचं. लोहार तापलेल्या कोयत्याचा रंग बघून पाण्यात कधी बुडवायचा ते ठरवतो, तसंच. पण चमक येते सगळ्यात वरच्या सालीतून, आणि ती साल एव्हाना पसरायला लागलेली असते. आतलं तापमान त्यावरून काढायचं तर पसरण्याचं गणित संगणकावर चालवावं लागतं. त्या गणितात आधीच एक अवस्थासमीकरण घातलेलं असतं. ज्याची परीक्षा घ्यायची त्यालाच शेजारी बसवून उत्तरपत्रिका तपासण्यासारखं हे आहे. प्रामाणिक लेखक हे लिहितात. लेखाचा गोषवारा वाचून पुढे जाणाऱ्याला मात्र ते कळत नाही.

शिवाय झोत एका ऊर्जेचा नसतो. त्यात अर्ध्या मेगापासून दहा-वीस मेगापर्यंतचे प्रोटॉन मिसळलेले असतात. मधलं अंतर एक मिलिमीटर धरा. १० मेगाचा प्रोटॉन ते सुमारे २३ पिकोसेकंदांत पार करतो, १ मेगाचा सुमारे ७२ मध्ये. सगळे एकाच क्षणी निघाले तरी पोहोचताना पन्नासेक पिकोसेकंदांची रांग लागते. वेगवान लोक पापुद्र्यातून आरपार जातात, खरं तापवतात ते मागून येणारे हळू प्रोटॉन, आणि तेही वेगवेगळ्या खोलीवर थांबतात. तापमान सगळीकडे सारखं राहत नाही. पापुद्रे जवळ आणले तर रांग आखडते, पण मग लेसरच्या बाजूचे इलेक्ट्रॉन आणि क्ष-किरण नमुन्यावर येऊन हिशेब बिघडवतात.

उपाय काय? एक उपाय वाईच्या माणसाच्या प्रयोगशाळेतून आला. चंद्रशेखर जनार्दन जोशी, जगाला ठाऊक असलेले चॅन जोशी, १९५३ मध्ये साताऱ्याजवळच्या वाईत जन्मले. लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी प्लाझ्मातून कण त्वरित करण्याचं क्षेत्र उभं करण्यात मोठा वाटा उचलला आणि २००६ मध्ये त्यांना प्लाझ्मा भौतिकीतलं मॅक्सवेल पारितोषिक मिळालं. त्यांच्या गटाने २०१२ मध्ये पापुद्राच टाकून दिला. हायड्रोजन वायूच्या फवाऱ्यावर कार्बन डायऑक्साइड लेसरचे ठोके मारून आत धक्कालहर उभी केली, आणि त्या लहरीवरून परतवलेले प्रोटॉन सुमारे २० मेगाइलेक्ट्रॉन व्होल्टचे, तेही जेमतेम एक टक्क्याच्या फरकात, बाहेर काढले. वेग सारखा, म्हणजे रांग नाही. पण प्रोटॉनांची संख्या इतकी तुटपुंजी की त्याने पापुद्रा तापणं शक्य नाही. शिस्त आली, गर्दी गेली. दोन्ही एकत्र अजून कुणाला नीट जमलेलं नाही.

दुसरा उपाय म्हणजे झोताने तापवायचं सोडून त्याला तपासायला लावायचं. एका प्रोटॉनची तापलेल्या द्रव्यातून जाताना किती ऊर्जा गेली हे मोजलं की त्या द्रव्यातल्या इलेक्ट्रॉनांबद्दल बरंच कळतं. संमीलनवाल्यांनाही हाच आकडा हवा आहे. प्रोटॉनांच्या झोताने इंधन पेटवायची कल्पना मार्कुस रोट यांनी २००१ मध्ये मांडली तेव्हापासून. झायल्स्ट्रा आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये रॉचेस्टरच्या ओमेगा लेसरवर तापलेल्या बेरिलियममध्ये तो मोजला, पण वेगवान प्रोटॉनांसाठी. कठीण भाग हळू प्रोटॉनांचा, जेव्हा त्याचा वेग आणि आसपासच्या इलेक्ट्रॉनांचा वेग सारखा असतो. तो २०२२ मध्ये मालको आणि सहकाऱ्यांनी स्पेनमधल्या सालामांकाला, कोमट दाट कार्बनमध्ये मोजला, आणि जुनी सूत्रं तिथे उघड चुकतात असं दिसलं. हा लेख मी या आढाव्यातला सगळ्यात महत्त्वाचा मानतो. का, ते पुढे येईल.

सिद्धांतवाल्यांची स्थितीही बरी नाही. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेत अल्बुकर्कीला चार देशांतल्या आठ संस्थांचे लोक आपापली गणितं घेऊन एकत्र बसले. प्रश्न एकच, उत्तरं शेजारी मांडायची. उष्णतावाहकता असो की प्रोटॉन थांबवण्याची शक्ती, जिथे कणांची ओढ मोठी होते तिथे उत्तरं एकमेकांपासून दूर गेली. त्यांनी ते लपवलं नाही, आलेखांसकट छापलं.

आता सावलीकडे येतो. पिंगुळीकराला हे तंत्र शिकवावं लागणार नाही. बारीक ज्योत, मध्ये वस्तू, मागे पडदा. वस्तू ज्योतीजवळ सरकवली की सावली मोठी. लेसर-प्रोटॉनांची ज्योत गणिताने मागे नेऊन पाहिली तर दहा मायक्रोमीटरच्या आसपासची किंवा त्याहून बारीक निघते, म्हणून कडा इतक्या रेखीव येतात. फरक एवढाच की चामडं प्रकाश अडवतं. इथे बरेचसे प्रोटॉन अडत नाहीत, पापुद्र्याभोवतीच्या विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांनी वाट वाकडी करून घेतात. फिल्मवर दिसते ती द्रव्याची कड असेलच असं नाही, क्षेत्राचीही असते. नवखे लोक इथे फसतात.

फिल्मचा प्रकार तर चित्रकथीच्या पोथीचाच. ठाकर समाजातले चित्रकथी एका आख्यानाच्या सुट्या चित्रांची चळत करतात, तिला पोथी म्हणतात, आणि एकेक चित्र समोर धरत कथा सांगतात. प्रोटॉनसाठी किरणांनी निळ्या पडणाऱ्या फिल्मची अशीच चळत लावतात. कमी ऊर्जेचा प्रोटॉन पहिल्या फिल्मांत थांबतो, जास्त ऊर्जेचा आत जातो. जास्त ऊर्जेचा आधी पोहोचलेला असतो, म्हणून सगळ्यात आतल्या फिल्मवर सगळ्यात आधीचा क्षण उमटतो. मघाशी ज्या रांगेला दोष दिला तीच इथे कामाला येते: एका ठोक्यात काही पिकोसेकंदांच्या अंतराने काढलेली चित्रं हाती पडतात. पोथी फक्त मागून वाचायची.

आपल्याकडे काय आहे? कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत जी. रवींद्र कुमार यांच्या गटाकडे १०० टेरावॉट वर्गातला फेम्टोसेकंद लेसर आहे. भटनागर पारितोषिक २००३ मध्ये आणि इन्फोसिस पारितोषिक २०१५ मध्ये त्यांना मिळालं. २०१२ मध्ये त्यांनी तापलेल्या दाट प्लाझ्मातल्या चुंबकीय क्षेत्रांचा खळबळाट थेट पाहिला, २०१५ मध्ये तशाच प्लाझ्मातला टेराहर्ट्झ ध्वनी. याच संस्थेतल्या एम. कृष्णमूर्ती यांच्या गटाने लक्ष्यावर चक्क ई. कोलाय जिवाणूंचा थर दिला आणि त्यातून क्ष-किरण जास्त निघतात हे दाखवलं. मळाचं महत्त्व कुलाब्यालाही ठाऊक आहे. इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रात १५० टेरावॉटचा लेसर असून पातळ पापुद्र्यांतून प्रोटॉन काढण्याचं काम तिथे झालेलं आहे. इंदुरात मराठी अजून गल्लीत ऐकू येते, त्यामुळे हे केंद्र मी परकं मानत नाही.

या लेसरांकडे बोट दाखवून कुणी म्हणेल, हे लहान. २०२४ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या प्रयोगशाळेने १५० मेगाइलेक्ट्रॉन व्होल्टचे प्रोटॉन जाहीर केले; आपण कुठे? माझं उत्तर असं की तो विक्रम या प्रश्नाला लागूच नाही. १० मायक्रोमीटरचा पापुद्रा तापवायला १ मेगाचा प्रोटॉन पुरतो आणि १५० मेगाचा त्याला न शिवता निघून जातो. सालामांकाचं मोजमाप २०० टेरावॉटच्या, म्हणजे कुलाबा-इंदूरच्याच पंगतीतल्या लेसरवर झालं, आणि झोतातून त्यांना हवे होते ते अर्ध्या मेगाचे हळू प्रोटॉन. म्हणून तो लेख मला महत्त्वाचा वाटतो. त्याशिवाय हे लहान लेसर पुन्हा पुन्हा ठोका मारू शकतात. महाकाय लेसर एका शॉटनंतर थंड व्हायला तास तास घेतात, आणि एका शॉटवरून काढलेल्या तापमानाला मी फार भाव देत नाही, कारण दोन शॉट कधी सारखे नसतात.

तेव्हा कुलाबा आणि इंदूर दोघांनाही एक विनंती. नवा विक्रम नको. एकाच गुंडाळीतून कापलेला १० मायक्रोमीटरचा ॲल्युमिनियमचा पापुद्रा दोन्हीकडे घ्या. पाठीची चमक, पसरण्याचा वेग आणि आरपार गेलेल्या प्रोटॉनांची गेलेली ऊर्जा, असे तीन तापमापक एकाच वेळी लावा. शंभर शॉट मारा. तिघांचे तीन आकडे, बिघडलेल्या शॉटांसकट, एकाच तक्त्यात छापा.